थांबणारा माग

भिवंडीतल्या यंत्रमाग कारखान्याचा मालक गादीवर बसल्या बसल्या आवाजावरून हिशेब करतो. खडखडाट एकसारखा असला की कापड पडतंय. मधलाच एखादा माग गप्प झाला की त्याची मान वर होते. अशा माणसाच्या हाताखाली, माग वेळेवर थांबवणं हीच ज्याची विद्या, त्या तंत्रज्ञाने काम करायचं. दोघांचं पटणार कसं?

साध्या मागावर ताण्याचा धागा तुटला, तर विणकराची नजर जाईपर्यंत कापड तसंच विणलं जातं. ‘वार्प स्टॉप मोशन’मध्ये प्रत्येक धाग्यावर पत्र्याची बारीक पट्टी लोंबते. धागा तुटला की पट्टी पडते, माग थांबतो. हे तत्त्व जुनंच आहे. जपानच्या साकिची टोयोडांचा धागा तुटताच थांबणारा स्वयंचलित माग १९२४चा. इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी १९२९मध्ये त्याचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. आपल्याकडे २०१७च्या ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजनेत अशा सुधारणांना अनुदान होतं.

तरीही मालक कां कूं करतो. त्याला अडाणी ठरवणं सोपं, आणि शिकलेली माणसं ते हौसेने करतात. पण जॉबवर्कचा हिशेब बघा. सूत व्यापाऱ्याचं, मालकाला फक्त विणाई. विणकराची मजुरीही मीटरवर. माग थांबला तर तोटा आजचा. डागी कापडापोटी व्यापारी करतो ती कपात नंतरची, शिवाय घासाघीस करून कमी होण्याजोगी. थांबलेला माग सगळ्यांना दिसतो, न पडलेला डाग दाखवायचा कुणाला?

मालकाने सरळ ‘नको’ म्हटलं तर एक वेळ परवडतं. उपकरण घ्यायचं, पण विणकराला पूर्वीसारखंच तेवढ्याच मागांवर डोळे लावून उभं करायचं, आणि महिन्याने म्हणायचं, ‘बघा, काय फरक पडला?’ हे जास्त छळतं. टोयोडांच्या मागाचा फायदा एका माणसाकडे कितीतरी माग सोपवता आले यात होता. अर्धवट विश्वास यंत्राला नापास करूनच दाखवतो.

तंत्रज्ञाने गुणवत्तेवरचं व्याख्यान आवरावं. कोणत्या बीमवर, म्हणजे ताण्याच्या रुळावर, माग किती वेळा थांबला, हे लिहून ठेवावं. सूत कच्चं की त्याला खळ देण्याचं सायझिंग बिघडलेलं, याचा माग लागतो आणि कपातीच्या भांडणात मालकाच्या हाती कागद येतो. आता तो कागद मालक व्यापाऱ्यापुढे ठेवेल का, हा प्रश्न निराळा. पुढचा बीमही त्याच व्यापाऱ्याकडून यायचा असतो.