मध्यरेषा विसरलास का?

काल संध्याकाळी कशेळीच्या पुलाजवळ दिसलास. गाडीला टेकून, चौघांच्या घोळक्यात. मला बघितलंस आणि मान फिरवलीस. का रे? धड काम करत असतास, तर धावत येऊन पाया पडला असतास.

गोदामवाल्यांकडे वसुलीला जातोस म्हणे. आईला सांगतोस, "मी नुसता उभा राहतो, हात उचलत नाही." कोणाला फसवतोस? तुला काय शोभेला उभं करतात? ते खांदे, त्या मांड्या बघून समोरचा खिशात हात घालतो. पहाटे पाचला मातीत घडवलेलं अंग तू भाड्यानं दिलंस!

म्हणे नोकरी मिळाली नाही. शोधलीस कधी? राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. प्रमाणपत्रांची पडताळणी करून घे, म्हणून तीनदा बजावलं. अजून पत्र्याच्या पेटीतच आहेत ना? नाचता येईना, अंगण वाकडं!

आणि नोकरी असती तर सरळ राहिला असतास? जगदीश भोला अर्जुन पुरस्कार मिळालेला पैलवान. पंजाब पोलिसांत डीएसपी झाला. तरी अमली पदार्थांच्या धंद्यात उतरला. 2013 साली पकडला गेला, 2019 साली शिक्षा झाली. त्याला काय कमी होतं?

"खेळानं मला काय दिलं?" असं वर तोंड करून विचारतोस. पैलवान खाशाबा जाधवांना काय दिलं? हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. 1952 साली खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. फौजदाराची नोकरी मिळायला 1955 उजाडलं. जिवंतपणी अर्जुन पुरस्कारही नाही. त्यांच्या मनगटात जोर नव्हता? कुणाच्या दारात उभं राहून दमदाटी करणं त्यांना जमलं नसतं?

"थोडेच दिवस, मग सोडतो," हे तर तुझं पालुपदच झालंय. अरे, तू कबड्डीतला चढाईपटू! 30 सेकंदांत आत जायचं, गडी टिपायचा, दम संपायच्या आत मध्यरेषा गाठायची. सात जण टपलेले असताना कुठल्या पावलाला वळायचं, हे तुला कधी शिकवावं लागलं नाही. मैदानात बाद झालास तर सोबती गुण घेतो आणि तुला परत आत आणतो. तुरुंगातून सोडवायला त्या चौघांपैकी कोण येणार आहे? एक नाव सांग.

कुठे वळायचं ते तुला आजही कळतं. कळतं, म्हणूनच काल मान फिरवलीस.

उद्या पहाटे मैदान आखायचंय. चुना आणि दोरी घेऊन ये. येताना ती पेटीतली प्रमाणपत्रंही आण. सबब आणू नकोस. पुष्कळ ऐकल्या.