माळ, शपथ आणि मीटिंग

दारू सोडवण्याचा आपल्याकडचा सर्वांत जुना उपाय म्हणजे शपथ. कुणी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून ती घेतो, कुणी ग्रामदैवतापुढे, कुणी पंढरपूरला जाऊन गळ्यात माळ घालतो. काही महिने बरे जातात. मग एखाद्या हळदीत नाहीतर पगाराच्या संध्याकाळी शपथ मोडते आणि माणूस दुहेरी गुन्हेगार ठरतो. प्यायला हा एक गुन्हा, देवाला फसवलं हा दुसरा. दुसऱ्याची लाज मोठी, आणि ती बुडवायला पुन्हा बाटलीच हाताशी.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘एए’, ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना घसरण्याकडे वेगळ्या नजरेने पाहते. त्याचं कारण तिच्या जन्मकथेतच सापडतं. मे 1935 मध्ये न्यू यॉर्कच्या शेअरबाजारातला बिल विल्सन एक व्यवहार फिसकटल्यावर ओहायोतल्या अॅक्रनमध्ये हॉटेलात एकटा पडला होता. दारू सोडून पाचेक महिने झालेले, आणि लॉबीपलीकडे बार गजबजलेला. आत जाण्याऐवजी त्याने पाद्र्यांना फोन लावले. आपल्यासारखाच एखादा दारुडा भेटेल का, एवढीच त्याची विचारणा होती. भेटला तो डॉ. बॉब स्मिथ हा सर्जन. पंधरा मिनिटं बसतो म्हणून आलेला बॉब सहा तासांनी उठला. यापुढची गोष्ट मात्र उत्सवी भाषणांत घाईने उरकली जाते. काही आठवड्यांनी बॉब वैद्यकीय अधिवेशनाला गेला आणि तिथे भरपूर प्यायला. संघटनेच्या नोंदीनुसार त्याचा शेवटचा घोट 10 जून 1935 चा आणि तोच तिचा स्थापनादिन. त्याआधी बिलने कितीतरी दारुड्यांच्या मागे लागून पाहिलं होतं. त्यातला एकही टिकला नव्हता, पण त्या खटपटीत तो स्वतः कोरडा राहिला होता.

भारतात 1957 साली मुंबईत हे काम सुरू झालं. मीटिंग असते शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये, तास-दीड तासाची. ‘मी अमुक, मी अल्कोहोलिक आहे’ एवढी ओळख पुरते, आडनाव कुणी विचारत नाही. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्येच तोडत नाहीत आणि उपदेशही करत नाहीत (मराठी माणसाला हे किती अवघड, ते वेगळं सांगायला नको). फी नाही, बाहेरची देणगी घ्यायची नाही. सदस्यच खर्च भागवतात. पिणं थांबवण्याची इच्छा ही एकच अट. पथ्य फक्त आजच्या दिवसाचं. घसरलेला माणूस पुढच्या मीटिंगला येऊन तसं सांगतो आणि दिवस पुन्हा एकपासून मोजू लागतो. त्याला कुणी काढून टाकत नाही.

घसरलेल्याला धरून ठेवतात ती आजूबाजूची माणसं, म्हणून माळेलाही हसण्याचं कारण नाही. माळ टिकते तिथे बहुधा तिच्यामागे भजनी मंडळ असतं, दिंडी असते, संध्याकाळी हाक मारणारं कुणीतरी असतं. एकट्याने घातलेली माळ आणि एकट्याने घेतलेली शपथ, दोन्ही सारख्याच कच्च्या.

समूह म्हणजे दवाखाना नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तिथे आधी डॉक्टर. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये उपचार आणि समूह एकत्र नांदतात. व्यसनी पुरुषांच्या बायकांसाठी तिथे ‘सहचरी’ गटही आहे.

‘नुसत्या बोलण्याने काय होतं?’ ही शंका रास्त आहे. वैद्यकीय अभ्यासांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2006 च्या आढाव्याला ‘एए’च्या बाजूने ठोस पुरावा सापडला नव्हता. 2020 च्या आढाव्यात मात्र 27 अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं होती. सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत, ‘एए’शी जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस ठरले.

मग लोक जात का नाहीत? 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला कसलेतरी उपचार मिळतात. तालुक्याच्या गावात निनावी राहणं ही थट्टाच. वर्गाबाहेर लावलेली मोटारसायकल सगळ्यांच्या ओळखीची असते. बाईची अडचण याहून मोठी. पुरुषांनी भरलेल्या खोलीत ‘मी पिते’ म्हणण्यापेक्षा ती घरात झुरणं पत्करते. ‘एए’च्या कार्यक्रमात येणाऱ्या ‘उच्च शक्ती’च्या, म्हणजे आपल्याहून मोठ्या शक्तीच्या, उल्लेखाने नास्तिक बिचकतो.

या अडचणींपुढे भिंतीवर चिकटवलेला पत्ता फारसा उपयोगी पडत नाही. 1981 मध्ये अमेरिकेत 20 जणांवर एक लहानसा प्रयोग झाला. निम्म्यांना मीटिंगची जागा आणि वेळ सांगितली. उरलेल्यांचं समुपदेशकाने तिथल्या तिथे एका जुन्या सदस्याशी फोनवर बोलणं करून दिलं. त्या सदस्याने सोबत यायची तयारी दाखवली आणि मीटिंगआधी आठवणही करून दिली. पहिल्या गटातलं कुणीच गेलं नाही, दुसऱ्यातले सगळे गेले. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयातून सुटणाऱ्या रुग्णाच्या हातात औषधाची चिठ्ठी देताना हा एक फोन लावायला पाच मिनिटंही लागणार नाहीत, आणि त्यासाठी नवी योजना किंवा वेगळा निधीही लागत नाही.