मधुमेह्याची एकादशी

महिन्यातून दोनदा येणारी एकादशी मधुमेह्यापुढे दोन नियम समोरासमोर उभे करते. एक डॉक्टरांचा: वेळेवर आणि मोजके खाणे. दुसरा घरात चालत आलेला उपवास. त्यात महाराष्ट्रातला उपवास ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या म्हणीला धरूनच असतो. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च. बटाटा घालून केलेली बशीभर खिचडी रक्तातली साखर झपाट्याने वाढवते. उलट, इन्शुलिन घेऊन निर्जळी केली तर साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरू शकते. मग घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, आणि त्या क्षणी तीन चमचे साखर तोंडात घालणे हाच उपाय असतो.

मग धर्म मोडला का? मुळात टॅपिओका, बटाटा, शेंगदाणा, मिरची ही सगळी अमेरिका खंडातून आलेली. स्मृतिकारांना ती ठाऊकच नव्हती. ‘उपवासाला चालते’ ही यादी रूढीने केलेली आहे. शास्त्र मात्र पुष्कळ उदार आहे. एकादशीचे बंधन वयाच्या ८ ते ८० वर्षांपर्यंतचे. आजाऱ्याला सवलत, एकभुक्त (दिवसातून एकदाच जेवण) किंवा नक्ताचा (फक्त रात्रीच्या जेवणाचा) पर्याय, प्रतिनिधीकडून व्रत करवून घेण्याचीही मुभा. ज्यांनी व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी महाभारताच्या उद्योगपर्वात सांगितल्या आहेत. त्यांत पाणी, फळ, दूध यांच्याबरोबर औषधही आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघेही योगाला अपात्र ठरतात.

व्रताचा गाभा संकल्प आणि संयम हा असेल, तर पथ्य हेच अधिक कठीण व्रत म्हणावे लागेल. एकादशी द्वादशीला सुटते. दोन फुलके आणि वाटीभर उसळीवर थांबण्याला पारणे नाही, आणि त्याबद्दल कोणी नमस्कारही करत नाही.

खरी कसोटी प्रसादाच्या वेळी लागते, कारण तिथे दुसऱ्याचे मन गुंतलेले असते. सत्यनारायणाच्या शिऱ्यात रवा, तूप, साखर सव्वाच्या समप्रमाणात पडते. प्रसाद नाकारणे श्रद्धाळू माणसाला जड जाते, आणि तसे वाटणे योग्यही आहे. पण प्रसादपण कणातही पुरते असते. ‘एवढ्याने काही होत नाही’ म्हणत वाटी भरणारा आग्रह भक्तीचा भाग नव्हे.

उपवास करायचाच असेल, तर गोळ्या-इन्शुलिनचे प्रमाण आधी डॉक्टरांना विचारून ठरवावे. आणि यजमानांनी मधुमेह्याच्या हातावर कणभरच प्रसाद ठेवावा.