आपण कोणत्या पक्षाचे?



निवडणूक जवळ आली की रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एक प्रश्न हमखास कानावर येतो, "फादर, यंदा मत कोणाला द्यायचे?" विचारणारा हसत विचारतो, पण त्यामागे खरा वैताग असतो. बाजूचा लगेच म्हणतो, "कोणालाही द्या, सगळे एकाच माळेचे मणी." तिसरा काहीच न बोलता स्कूटर सुरू करतो आणि घरी जातो. मतदानाच्या दिवशीही तो घरीच असतो. आज या तिसऱ्याशी आम्हाला बोलायचे आहे.

त्याचा वैताग खोटा नाही. २०१९ साली एका चिन्हासमोरचे बटण दाबून आलेला मतदार पुढे काय पाहतो? जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस. दोन्ही वेळा निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि चिन्ह मूळ नेतृत्वापासून वेगळ्या झालेल्या गटाला दिले. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे. एक तृतीयांश आमदारांनी फुटण्याची मुभा २००३ साली काढून तो कडकही केला. तरी २०२४ साली विधानसभा अध्यक्षांच्या निकालात दोन्ही पक्षांच्या कोणत्याही गटाचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. कोण बरोबर, कोण चूक, हे या पानावर ठरवायचे नाही. पण या साऱ्यात मतदाराला कोणी काही विचारले नाही, एवढे तर कोणीही मान्य करील.

आपल्या वसईने दुसरी वाटही चालून पाहिली. २००९ साली महानगरपालिका झाली आणि गावे तीतून वगळावीत म्हणून लोक रस्त्यावर उतरले. त्या वर्षीच्या विधानसभेला वसईतून अपक्ष उमेदवार निवडून आला. २०११ साली २९ गावे वगळण्याचा शासननिर्णय निघाला, तो न्यायालयात अडकला आणि २०२४ मध्ये शासनाने तो मागे घेतला. मधल्या काळात किती सरकारे आली आणि गेली! मोर्चात बापाच्या खांद्यावर बसून आलेली मुले आता स्वतः मतदार झाली आहेत. त्यांना उत्साह कुठून आणायला सांगावा?

काही जण 'नोटा'कडे बोट दाखवतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने तो पर्याय मिळाला. २०१९ साली लातूर ग्रामीण मतदारसंघात 'नोटा' २७ हजारांहून अधिक मते घेऊन चक्क दुसऱ्या क्रमांकावर आला. तरी निवडून यायचा तो उमेदवार आलाच, कारण विधानसभेला 'नोटा' मोजतात, पण त्यावरून निकाल फिरत नाही. महापालिका व नगरपालिकांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ साली आदेश काढला, की 'नोटा'ला सर्वांत जास्त मते पडली तर निवडणूक पुन्हा घ्यावी. म्हणजे निषेध नोंदवायलाही केंद्रापर्यंत जावे लागते. घरी बसलेल्याचा राग कोणत्याच यंत्रात नोंदला जात नाही.

आता फादरांना विचारलेल्या प्रश्नाकडे येऊ. त्याचे उत्तर न मिळणे हा भित्रेपणा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच सांगितले, की ख्रिस्तसभा कोणत्याही राजकीय व्यवस्थेशी बांधलेली नाही. १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यानुसार धर्मगुरूंनी पक्षांत सक्रिय भाग घ्यायचा नसतो, अपवाद अगदी थोडे. सामान्य श्रद्धावंतांना अशी आडकाठी नाही. उलट धर्मशिक्षणाच्या ग्रंथात मतदान हे कर भरण्याबरोबरच नैतिक कर्तव्य म्हणून सांगितले आहे. आणि एकाच श्रद्धेतून दोन प्रामाणिक माणसे दोन वेगळ्या पक्षांत जाऊ शकतात, हे पोप सहावे पॉल यांनी १९७१ साली स्पष्ट केले.

सप्टेंबर २०२४ मध्ये सिंगापूरहून परतताना पोप फ्रान्सिस यांना पत्रकारांनी अमेरिकेच्या निवडणुकीविषयी विचारले. दोन्ही उमेदवारांत त्यांना गंभीर दोष दिसत होते. तरी मत द्यावे, कमी वाईट कोण ते ज्याने त्याने आपल्या सदसद्विवेकबुद्धीने ठरवावे, असे ते म्हणाले. 'कमी वाईट' हे शब्द आपल्याला बेचव लागतात. पण कमी वाईट कोण हे ठरवायला अभ्यास करावा लागतो. उमेदवाराने शपथपत्रात काय लिहिले आहे? आधीच्या पाच वर्षांत तो कोणाच्या बाजूने उभा राहिला? आपल्या गल्लीत दिवा आला का, एवढेच पाहून भागत नाही. ज्याला सभागृहात कोणीच वाली नाही, त्या पाड्यावरच्या बाईला नळाचे पाणी आले का, हेही पाहावे लागते. हा अभ्यास टाळायला 'सगळे सारखेच' हे वाक्य फार सोयीचे आहे.

थोडे स्वतःकडेही पाहू. सणाच्या स्मरणिकेसाठी जाहिरात, क्रिकेट स्पर्धेसाठी टी-शर्ट आणि करंडक, वाडीच्या रस्त्याला पेव्हर ब्लॉक, यांसाठी आपण कोणाच्या कार्यालयात जाऊन बसतो? टी-शर्ट घेतल्यावर त्याच माणसाला जाब कसा विचारायचा? हा दोष आम्ही इतरांवर ढकलत नाही, त्या स्मरणिकांची पाने आम्हीही मोजली आहेत.

आणि आपला एखादा मुलगा किंवा मुलगी पक्षात गेली, तर आपण काय करतो? आधी म्हणतो, "वाया गेला." मग दाखल्यासाठी त्याच्याच दारात उभे राहतो. टिळकांचे स्नेही काका बॅप्टिस्टा आपल्यातलेच होते. ते १९१६ साली होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष झाले, कामगार चळवळीत राहिले, १९२५ साली मुंबई महापालिकेचे अध्यक्षही झाले. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो, पण स्वतःच्या घरातून कोणी त्या वाटेने निघाला की घाबरतो. पक्षात जाणे म्हणजे बाप्तिस्मा नव्हे. पक्ष भाड्याच्या घरासारखा असतो. राहावे, डागडुजी करावी, मालक अन्याय करू लागला तर स्पष्ट बोलावे, आणि वेळ आली तर सामान उचलावे. फक्त सामान कशासाठी उचलले ते शेजाऱ्यांना सांगता आले पाहिजे. खोक्यासाठी उचलणारे वेगळे.

प्रभूच्या बारा शिष्यांत रोमी सत्तेसाठी जकात गोळा करणारा मत्तय होता आणि त्याच सत्तेविरुद्ध पेटलेल्यांतला समजला जाणारा शिमोनही होता. दोघांत रस्त्याने काय वाद झाले असतील ते शुभवर्तमानकारांनी लिहिले नाही. जेवायला दोघे एकत्र होते, एवढे ठाऊक आहे.

आमच्या ओळखीच्या एका घरात दोन भाऊ दोन पक्षांचे काम करतात. संध्याकाळी जपमाळेची वेळ झाली की आई दोघांना झेंडे बाहेर ओट्यावर ठेवायला लावते. मतदानाच्या दिवशी तिघे एकाच रिक्षाने केंद्रावर जातात. आई कोणाला मत देते, हे दोघांनाही अजून कळलेले नाही. निवडणुकीआधी मात्र ती दोघांना समोर बसवून दोन्ही उमेदवारांविषयी तासभर प्रश्न विचारते.