कोणत्या अकोल्याला?

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३ आणि ४



आजच्या दोन श्लोकांत साधकाच्या दोन अवस्था सांगितल्या आहेत. पहिला 'आरुरुक्षु', म्हणजे ज्याला योगावर चढायचं आहे तो. दुसरा 'योगारूढ', म्हणजे जो चढून पोचला तो. चढणाऱ्याला साधन कर्म, पोचलेल्याला साधन शम, म्हणजे मनाचं शांत होणं. पोचल्याची खूणही भगवंतांनी लगेच पुढच्या श्लोकात दिली आहे : मन विषयांत अडकत नाही, कर्मांत अडकत नाही आणि सगळे संकल्प सुटलेले असतात.

हे श्लोक मला कॉलेजपासून माहीत होते. पण त्यांचा अर्थ पहिल्यांदा टोचला तो कळसूबाईवर. प्रसंग माझ्या फारसा कौतुकाचा नाही, तरी सांगतो.

मी मूळचा अकोल्याचा. इंजिनिअरिंग अमरावतीला झालं, नोकरी पुण्यात. आम्हा वऱ्हाडातल्या पोरांचा डोंगर म्हणजे चिखलदरा. कॉलेजात असताना परतवाड्यावरून बाइकनं घाट चढून गेलो, की जग जिंकल्यासारखं वाटायचं. पुण्यात आल्यावर सह्याद्रीचा नाद लागला आणि कळसूबाई डोक्यात बसली. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. ते आहे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात. आता मराठीची गंमत बघा. गाव अकोले असो की अकोला, माणूस जातो 'अकोल्याला'च.

बुधवारी आईचा फोन आला. मी म्हटलं, "शनिवारी अकोल्याला जातोय."

"येतं का? मंग वांगे भाजून ठेवतो भरताले. बाबाले सांगतो आत्ताच."

तिचा गैरसमज झालाय, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. "अगं, तिकडे नाही," एवढे तीन शब्द पुरेसे होते. पण समोर मीटिंग सुरू झाली होती, आणि खरं सांगायचं तर तिच्या आवाजातला आनंद मोडायची हिंमत नव्हती. रात्री सांगू म्हणून फोन ठेवला. गुरुवारी रिलीज, शुक्रवारी सामानाची बांधाबांध. सांगायचं राहून गेलं, असं मी स्वतःला सांगितलं. राहून गेलं नव्हतं, मी राहू दिलं होतं.

बाबांना गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू अजून नीट साथ देत नाही. वॉकर धरून ते ओसरीपासून फाटकाकडे चालायचा सराव करतात.

शनिवारी पहाटे आम्ही बारी गावातून टॉर्च लावून निघालो. आधी भातखाचरं, मग झाडी, मग उभ्या कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्या. वाऱ्यात शिडी धरताना हात बधिर होत होते, पण मजा येत होती. माथ्यावर कळसूबाई देवीचं छोटंसं मंदिर आहे. दर्शन घेतलं, आणि दुसऱ्या मिनिटाला मी फोन उंच धरून रेंज शोधत होतो. फोटो टाकायचा होता ना!

रेंज आली आणि आधी आईचे दोन मिस्ड कॉल दिसले. लावला फोन.

"कुठवर आला? बाबा सकाळपासून दाढी-आंघोळ करून ओसरीत बसून रायले."

मी कसंबसं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग आई म्हणाली, "बरं. देवीले आमचाबी नमस्कार सांग."

रागावली असती तर सोपं गेलं असतं.

महाराष्ट्राच्या डोक्यावर उभा होतो मी. पोचलो होतो. पण श्लोकात सांगितलेला शम कुठं होता? आधी फोटोची घाई, आता अपराधाचा दगड. पाय शिखरावर आणि मन तिसरीकडेच.

उतरताना ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आठवला. माउली तिथं योगाला पर्वतच म्हणतात. त्याच्या माथ्यावर जायचं असेल तर कर्ममार्गाचा जिना चुकवू नकोस, असं अर्जुनाला बजावतात. पायथ्याशी यमनियम, मग आसनाची पाऊलवाट, मग प्राणायामाची चढण, आणि पुढे प्रत्याहाराचा असा कडा, जिथं बुद्धीचेही पाय घसरतात. आता यमांमधला एक यम म्हणजे सत्य. मी पायथ्याशीच घसरलो होतो. आमच्या भाषेत सांगायचं तर डिपेंडन्सी न तपासता थेट रिलीज केलं होतं.

मग ट्रेकला जाणंच चूक होतं का? मला तसं वाटत नाही. गीता चढू पाहणाऱ्याला हिणवत नाही. उलट त्याला एक नाव देते, साधन देते. चूक वेगळी होती. माझ्या शनिवारचं एक चित्र मी मनात पक्कं केलं होतं, आणि त्याला धक्का लागेल अशी कोणतीही गोष्ट मला नको होती, आईची निराशासुद्धा. शिखरही हवं आणि घरात चांगला मुलगाही राहायचं. संकल्प सोडणं म्हणजे काय, हे मला तेव्हा थोडं दिसलं. काम सोडायचं नसतं. सोडायचा असतो 'असंच झालं पाहिजे' हा हट्ट.

हा हट्ट अगदी शेवटच्या पावलावरही सोडता येतो, याचं एक उदाहरण मला फार आवडतं. आपल्या देशातलं सर्वांत उंच शिखर कांचनजंगा, ८५८६ मीटर. २५ मे १९५५ रोजी जॉर्ज बँड आणि जो ब्राऊन हे दोन ब्रिटिश गिर्यारोहक तिथं पहिल्यांदा पोचले. सिक्कीमच्या लोकांसाठी तो पर्वत पवित्र आहे, म्हणून माथ्यावर पाय ठेवणार नाही, असा शब्द त्या मोहिमेनं सिक्कीमच्या राजाला दिला होता. दोघं माथ्याच्या काही फूट खाली थांबले आणि परत फिरले. वर पाहायला कोणी नव्हतं. दिलेला शब्द मात्र होता. मला माझे न बोललेले तीन शब्द आठवतात.

पुढच्या शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मी अकोल्याला गेलो. आपल्या अकोल्याला. आईनं पुन्हा वांगी भाजली होती. मागच्या शनिवारचा विषय मीच काढला आणि म्हटलं, "मला तेव्हाच कळलं होतं, आई." ती म्हणाली, "मलेबी समजलंच होतं नंतर." बस, एवढंच.

संध्याकाळी बाबांना घेऊन फाटकाकडे निघालो. दोन पावलं उरली असताना ते थांबले. मी म्हणालो, "बाबा, दोनच राहिली. होऊन जाईल." माझं आपलं शिखर तिथंही तयारच!

बाबा हसले. "काहून घाई करतं रे? फाटक काई पयून जात नाई." आणि मी आणलेल्या खुर्चीत निवांत बसले. रस्त्यावरून जाणाऱ्या ओळखीच्यांना हात करत राहिले. चेहऱ्यावर कसलीच रुखरुख नव्हती.

मी शेजारी उभा राहून त्या उरलेल्या दोन पावलांकडे बघत होतो. आमच्या दोघांत आरुरुक्षु कोण आणि आरूढ कोण, हे सांगायची गरज नाही.

आजचा प्रश्न : या आठवड्यात तुम्ही जे शिखर ठरवलंय, त्याच्या वाटेवर कोणाला सांगायचे तीन शब्द राहिलेत का? आधी तो फोन करा. डोंगर कुठं पळून जात नाही.

राम कृष्ण हरी.