घाटावरची क्षमा आणि जिन्यातला राउटर

पैठणच्या गोदाघाटावरची एक कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. एकनाथ महाराज स्नान करून वर आले की वाटेत बसलेला एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकायचा. नाथ एक शब्दही न बोलता पुन्हा पाण्यात उतरायचे. असे म्हणे १०८ वेळा झाले. शेवटी थुंकणाराच शरमला आणि त्यांच्या पायांवर पडला.

पैठणपासून पन्नासेक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरात, आज कितीतरी जिन्यांत वीजमीटरच्या पेटीशेजारी खिळ्याला अडकवलेला एक राउटर दिसतो. वरच्या खोल्यांत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले, मधल्या मजल्यावर एखादे कुटुंब, खाली झेरॉक्सचे दुकान. सगळ्यांनी महिन्याची वर्गणी काढायची आणि एकाच कनेक्शनवर भागवायचे. पासवर्ड सगळ्यांना तोंडपाठ. अशात कुणी त्याच कनेक्शनवरून धमकी पाठवली, कुणाचे खाते फोडले किंवा शेजाऱ्याच्या मोबाइलवर काय चालले आहे ते चोरून पाहिले, तर राउटर सांभाळणाऱ्याने नाथांसारखे शांत राहावे का?

त्या कथेतली एक गोष्ट सहज नजरेआड होते. थुंकी पडली ती नाथांच्या स्वतःच्या अंगावर, म्हणून क्षमा करणे त्यांच्या हातात होते. तीच थुंकी घाटावरच्या दुसऱ्या कुणाच्या घागरीत पडली असती, तर नाथांना ती परस्पर माफ करता आली असती का? सामाईक वस्तूचा राखणदार नेमका या दुसऱ्या जागी उभा असतो. ज्याचे नुकसान झाले तो वेगळाच आहे, आणि त्याच्या वतीने मोठेपणा दाखवण्याचा अधिकार राखणदाराला कुणी दिलेला नाही.

सामाईक वस्तूची अशी राखण संभाजीनगराला नवी नाही. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे हे शहर, वसवले आणि पुढच्या काळात डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात खेळवले. मातीचे नळ, दाब सांभाळणारे मनोरे, ठिकठिकाणचे हौद. कुठेही मोट नाही, सगळा खेळ उताराचा. पाणचक्की फिरली तीही अशाच दुरून आणलेल्या पाण्यावर. अशा रचनेत वरच्या अंगाला कुणी पाणी नासवले तर खालचा प्रत्येक हौद नासतो. तिथे डोळेझाक करणाऱ्याला कुणी क्षमाशील म्हणणार नाही.

एकाच्या गैरवापराचा फटका दुसऱ्याला कसा बसतो, हे वायफायच्या बाबतीत महाराष्ट्राने एकदा फार जवळून पाहिले. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा एक ईमेल गेला होता. माग काढत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईतल्या सानपाड्यात, एका अमेरिकी रहिवाशाच्या घरी. ईमेल त्याच्या वायफायवरून गेला होता. पाठवणारा दुसराच होता. पुढच्या काही आठवड्यांत अशाच ईमेलसाठी माटुंग्यातल्या एका महाविद्यालयाचे आणि चेंबूरमधल्या एका कंपनीचे वायफाय वापरले गेले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत सूचना काढल्या.

सानपाड्याच्या घटनेतला धडा फक्त पासवर्ड लावण्याचा नाही. पत्ता सापडला, पण त्यावरून पाठवणारा माणूस सापडला नाही. नाव आणि माणूस यांतल्या अशा अंतराचा एक जुना दाखला संभाजीनगरात भेटतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे १९५० साली महाविद्यालय काढले, पुढे त्याला ‘मिलिंद’ हे नाव मिळाले आणि परिसराला ‘नागसेनवन’. दोन्ही नावे ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथातली. त्यात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतात, की ज्या रथातून आलास तो रथ कोणता? चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? ‘रथ’ हे व्यवहारापुरते नाव आहे, तसेच ‘नागसेन’ हेही. राउटरच्या यादीत प्रत्येक यंत्राची ओळख म्हणून दिसणारा मॅक ॲड्रेस हेही असेच एक नाव असते. तो बदलणे अवघड नाही. अलीकडचे मोबाइल तर प्रत्येक नेटवर्कसाठी आपणहून वेगळा ॲड्रेस धारण करतात. यादीतले नाव पाहून ‘हाच तो’ म्हणणारा शेजारी फार मोठी उडी घेत असतो.

मग राखण करायची कशी?

सगळ्यांचा एकच पासवर्ड ही या जिन्यातली मूळ अडचण आहे. डब्ल्यूपीए-२ या पद्धतीत पासवर्ड माहीत असलेल्या माणसाने दुसऱ्याचा मोबाइल जोडला जातानाची देवाणघेवाण टिपली, तर त्या मोबाइलची हवेतली वाहतूक त्याला उलगडता येते. बँकेसारख्या संकेतस्थळांचे स्वतःचे कुलूप त्यानंतरही शाबूत राहते, पण शेजारी कुठल्या ठिकाणी जातो-येतो याचा बराच सुगावा लागतो. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ ने हे दार बरेचसे बंद केले. त्याहून चांगला मार्ग म्हणजे प्रत्येकाला वेगळे लॉगिन देणे. जोडलेली यंत्रे एकमेकांना दिसणार नाहीत अशी सोय बहुतेक राउटरमध्ये असते, ती चालू करायची. पाहुण्यांसाठी निराळे नेटवर्क ठेवायचे. राउटरच्या सेटिंगचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा. नोंद ठेवायची तर कोण कधी जोडला गेला आणि किती डेटा वापरला एवढीच. कोणी काय पाहिले याची वही राखणदार लिहू लागला, तर कुंपणानेच शेत खाल्ले.

या उपायांत एक गोष्ट समान आहे. त्यांना शेजाऱ्याची जात, गाव, भाषा किंवा चेहरा विचारावा लागत नाही. सामाईक पाणी माणूस पाहून राखले की काय होते, हे महाडने दाखवले आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला होता. तरीही २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांचे हजारो सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. नंतर पंचगव्याची १०८ मडकी तळ्यात ओतून त्याचे ‘शुद्धीकरण’ केले गेले. तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ चा मार्च उजाडला. पाणी प्यायलेल्यांनी तळ्याचे काहीही बिघडवले नव्हते. ‘वरच्या खोलीतली ती मुले आल्यापासून नेट बिघडले’ हे वाक्य जिन्यात ऐकू आले की हा दाखला आठवायला हवा.

राखण माणसाची नव्हे, कृतीची करायची तर तिला नियम लागतात. नियमांबद्दल फार बारीक विचार झाला तो शहराजवळच्या लेण्यांत एकत्र राहणाऱ्या भिक्खूंच्या परंपरेत. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, शिष्य सारिपुत्त बुद्धांना विनंती करतात, की संघासाठी नियम आधीच घालून द्यावेत. बुद्ध नकार देतात. दोष दिसल्यावर नियम करू, असे सांगतात. म्हणून तिथल्या प्रत्येक नियमामागे घडलेला प्रसंग सांगितलेला आहे. दोषांना पायऱ्या आहेत. संघातून कायमचे बाहेर काढणारे दोष फक्त चार. १३ दोषांसाठी काही काळ वेगळे राहून, संघाच्या संमतीने परत येता येते. बाकीच्या बहुतेकांना कबुली पुरते. वाद मिटवायचा तो संबंधितांच्या समक्ष, पाठीमागे नाही.

विसाव्या शतकात एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी अभ्यासक जगभरचे कालवे, कुरणे आणि मच्छीमारीच्या जागा पाहून याच्याशी फार मिळत्याजुळत्या निष्कर्षाला आल्या. ज्या सामाईक वस्तू शतकानुशतके टिकल्या, तिथे नियम वापरणाऱ्यांनीच केले होते, राखणदार त्यांच्यातलाच किंवा त्यांना उत्तरदायी होता आणि शिक्षा सौम्यापासून सुरू होऊन पायरीपायरीने वाढत होती. त्यांचे पुस्तक १९९० मध्ये आले, २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

विनयातली आणखी एक गोष्ट जिन्यातल्या राउटरला थेट लागू पडते. दोष ठरवताना हेतू पाहिला जातो. नकळत घडलेली कृती पुष्कळ ठिकाणी दोष मानलेली नाही. सामाईक नेटवर्कवर रात्रभर बाहेर हल्ले करणारा मोबाइल अनेकदा अशा मुलाचा असतो, ज्याने परीक्षेच्या नोट्सच्या नावाखाली आलेले एखादे ॲप उतरवून घेतले आणि सोबत काय आले हे त्याला कळलेच नाही. त्याचे लॉगिन त्याच रात्री बंद करावेच लागते, कारण त्या क्षणी नुकसान दुसऱ्यांचे होत असते. सकाळी कुणीतरी दार वाजवून त्याला काय झाले ते सांगते. दोघे पायरीवर बसून फोनमधले ते ॲप काढतात, सगळे पासवर्ड बदलतात, गरज पडली तर फोन पुसून नव्याने सुरू करतात. संध्याकाळच्या मॉक टेस्टच्या आत त्याला नवे लॉगिन मिळालेले असते.