आपण कोणासाठी धावतो?



डिसेंबरात आपल्या धर्मग्रामातील एक तरुणी कार्यालयात आली. हातात देणगीदारांच्या नावांचा कागद होता. "फादर, जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमध्ये मी २१ किलोमीटर धावणार आहे. कॅन्सरच्या गरीब रुग्णांसाठी पैसे गोळा करतेय. तुम्ही किती देणार?"

मी थट्टेने म्हणालो, "अगं, त्यासाठी धावायला कशाला हवं? फीचे आणि बुटांचे पैसे थेट रुग्णांनाच दे की!"

ती हसली नाही. म्हणाली, "फादर, आईला घेऊन मी वर्षभर परळच्या टाटा रुग्णालयात जात होते. संध्याकाळी आम्ही लोकल पकडून वसईला घरी यायचो. दूरदूरहून आलेली माणसं मात्र तिथंच फुटपाथवर झोपायची. आई बरी झाली, पण ती माणसं डोळ्यांपुढून जात नाहीत. माझ्या एकटीच्या पैशानं काय होणार? धावते म्हटलं की लोक कशासाठी ते विचारतात. मग मला सांगता येतं."

मी खजील झालो. तिचे नाव घेत नाही, पण त्या दिवशी धर्मोपदेश तिने केला आणि ऐकला मी!

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. तिच्यातून दर वर्षी अनेक सेवाभावी संस्थांसाठी निधी उभा राहतो. पण या वाटेवर फार पूर्वी धावून गेलेला एक तरुण मला आठवतो. कॅनडाचा टेरी फॉक्स. १९७७ साली, अठराव्या वर्षी, हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. उपचार घेताना त्याने वॉर्डमधल्या इतर रुग्णांच्या वेदना पाहिल्या. आपण बरे झालो म्हणून तो त्यांना विसरला नाही. १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पायाने तो देश ओलांडायला निघाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन, म्हणजे सुमारे ४२ किलोमीटर! कॅन्सरच्या संशोधनासाठी त्याचे मागणे एवढेच होते : प्रत्येक देशबांधवाने एक डॉलर द्यावा. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि रोग फुप्फुसांत पसरल्याने त्याला थांबावे लागले. २८ जून १९८१ रोजी, बाविसाव्या वर्षी तो देवाघरी गेला. त्याआधीच त्याचे मागणे पूर्ण झाले होते. २ कोटी ४० लाखांहून अधिक डॉलर जमले होते. दुसरा किनारा त्याने गाठला नाही. तरी त्याची धाव वाया गेली, असे कोण म्हणेल?

मंदिरातील दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेकडे प्रभू येशूने शिष्यांचे लक्ष वेधले (मार्क १२ : ४१-४४). तिने उरलेसुरले नव्हे, स्वतःचा निर्वाहच दिला होता. दानात देणाऱ्याचा घाम मिसळला की एक डॉलरही मोठा होतो. संत पौलही करिंथकरांना शर्यतीचेच उदाहरण देतो (१ करिंथ ९ : २४-२७). धावपटू कोमेजून जाणाऱ्या मुकुटासाठी शरीराला शिस्त लावतो. मग न कोमेजणाऱ्या मुकुटासाठी आपण काय करतो?

मात्र एक धोका आहे. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असे प्रभू सांगतो (मत्तय ६ : ३). टी-शर्ट, पदक, फोटो यांतच मन रमले, तर ज्याच्यासाठी धावलो तोच मागे राहतो. म्हणून प्रत्येक धावपटूने स्वतःला विचारावे : ज्यांच्यासाठी मी धावतो, त्यांच्यापैकी एकाचा तरी चेहरा मला ठाऊक आहे का?

आणि शर्यत रविवारी पहाटे असली, तर शनिवारच्या सायंकाळच्या मिस्साला अवश्य या. ज्याने पाय दिले, त्याला आधी भेटून मग धावा.

आपल्यापैकी पुष्कळांना धावणे जमणार नाही. पण आपल्याच आळीत कोणीतरी अंथरुणाला खिळलेले आहे. त्यांच्या दारापर्यंतचे अंतर ४२ किलोमीटर नाही, चाळीस पावले आहे. या आठवड्यात आपण तेवढे चालू या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू